आधी पत्ता, मग मंच, थीम सर्वांत शेवटी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ब्लॉग किंवा छोटे संकेतस्थळ सुरू करणाऱ्यांसाठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून अधूनमधून मार्गदर्शन छापून येते. ते यायलाच हवे. मात्र त्याची सुरुवात बहुतेक वेळा सुंदर थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाला रूप देणाऱ्या तयार साच्यांच्या, यादीने होते आणि नवखा लेखक तिथेच अडकून पडतो. रंग, फॉन्ट, फिरत्या चित्रांची पट्टी यांत दिवसच्या दिवस जातात. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे, लेखाची लिंक कशी तयार होते, उद्या ही सेवा बंद पडली तर लेख बाहेर कसे काढायचे, हे प्रश्न मनातही येत नाहीत. थीम पाच वर्षांनीही बदलता येते. पत्ता बदलला की जुन्या लिंका मेल्या, शोधयंत्रांतली ओळख गेली आणि इतरांनी आपल्या लेखांकडे दिलेले दुवेही निरुपयोगी झाले. निवडीचा क्रम उलटा हवा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

सेवा बंद पडणे ही दूरची शक्यता मानू नये. याहूने जिओसिटीज २००९ साली गुंडाळले. मायक्रोसॉफ्टची विंडोज लाइव्ह स्पेसेस २०११ मध्ये संपली, पोस्टरस एप्रिल २०१३ मध्ये. टाइपपॅड २००३ पासून चालू होते. तेही सप्टेंबर २०२५ अखेर बंद झाले. अशा वेळी ज्याचे स्वतःचे डोमेन असते, तो लेख दुसरीकडे हलवून तोच पत्ता चालू ठेवू शकतो. ज्याच्या पत्त्यात सेवेचेच नाव असते, त्याचे लेख वाचले तरी त्यांच्याकडे येणाऱ्या वाटा बंद होतात.

तेव्हा पहिले काम डोमेनचे. ते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवावे. ब्लॉग बांधून देणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या खात्यात नको. नोंदणीसाठी दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असू नये. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो, आणि नूतनीकरणाची सूचना किंवा पासवर्ड बदलण्याचा निरोप पोहोचायला जागाच उरत नाही. आपोआप नूतनीकरण चालू ठेवले, तरी खात्याला जोडलेल्या कार्डाची मुदत संपली नाही ना, हे पाहावे लागते. होस्टिंगसोबत, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेसोबत, ‘मोफत’ मिळणारे डोमेन घेतले, तर नोंदणीत मालक म्हणून कोणाचे नाव पडले ते लगेच तपासावे. शिवाय कॉम, नेट, ऑर्ग यांसारखे डोमेन नोंदवल्यानंतर साधारणपणे पहिले ६० दिवस दुसऱ्या नोंदणीदाराकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, हलवता येत नाही, हे ध्यानात ठेवून नोंदणीदार पहिल्याच वेळी विचारपूर्वक निवडावा.

नाव असे असावे, की नुसते ऐकून टाइप करता येईल. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना ‘आ’साठी एक ए की दोन, ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, हा घोळ होतोच, ज्या शब्दाची दोन-तीन स्पेलिंगे संभवतात तो शक्यतो टाळावा. देवनागरीतले डोमेनही घेता येते, पण प्रत्यक्षात ते ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात नोंदले जाते आणि कित्येक ॲपांत लिंक चिकटवली की तेच रूप समोर येते. मुख्य पत्ता रोमन ठेवून देवनागरी डोमेन हवे तर जोडीला घ्यावे.

मंचाकडे, म्हणजे ब्लॉग ज्यावर चालवायचा त्या सेवेकडे किंवा सॉफ्टवेअरकडे, वळताना आधी एक गोष्ट ठरवावी: देखभाल कोण करणार? ‘कोणीच नाही, मला फक्त लिहायचे आहे’ असे उत्तर असेल तर ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉम पुरे. ब्लॉगर १९९९ साली पायरा लॅब्सने सुरू केले, २००३ मध्ये ते गूगलकडे आले. होस्टिंगचा खर्च नाही, सुरक्षेची अद्यतने करावी लागत नाहीत, आणि स्वतःचे डोमेन जोडता येते. ही जोडणी नेमकी कुठे फसते ते सांगतो. ब्लॉगर डोमेनच्या नोंदींत दोन सी-नेम (एक पत्ता दुसऱ्याशी जोडणाऱ्या नोंदी) भरायला सांगतो: एक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी, दुसरी मालकी पटवण्यासाठी. लोक पहिली भरतात, दुसरी विसरतात आणि मग ‘पडताळणी झाली नाही’ हा संदेश पुन्हापुन्हा येत राहतो. दोन्ही भरल्यावरही बदल सगळीकडे पोहोचायला एक दिवस लागू शकतो. तेवढा धीर धरावा, नोंदी सारख्या पुसून नव्याने भरू नयेत. त्यानंतर सेटिंगमध्ये, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता आलेल्या वाचकाला मुख्य पत्त्यावर वळवण्याचे बटण सुरू करावे. ते राहून गेले तर निम्म्या लोकांना ‘साइट सापडत नाही’ असे दिसते आणि लेखकाला मात्र सगळे ठीक दिसत असते. एचटीटीपीएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, बटणेही दोन आहेत, एक ते उपलब्ध करून देणारे आणि दुसरे सगळ्यांना तिकडे वळवणारे, दोन्ही लागतात.

ब्लॉगरच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. लेखाच्या पत्त्यात वर्ष आणि महिना येतोच आणि शेवटी एचटीएमएल राहतेच. ते काढता येत नाही. वर्डप्रेससारखे प्लगइन, म्हणजे जादा सोयी जोडणारे छोटे प्रोग्राम, नाहीत. व्यवस्थापनाचा पडदा २०२० मध्ये बदलला, त्यानंतर फार मोठी भर पडलेली नाही. निव्वळ लेखनासाठी यातले काहीच आडवे येत नाही, असे माझे मत आहे. आडवे येते ते पुढे नोंदणी-अर्ज, विक्री, सभासदत्व अशी कामे जोडायची ठरली तर.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी आणली. या एकाच नावाखाली दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि नवख्यांची सर्वाधिक गफलत इथेच होते. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आहे. तिच्या फुकट योजनेत पत्त्यात तिचे नाव राहते, पानावर तिच्या जाहिराती दिसतात आणि प्लगइन टाकता येत नाहीत. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळते ते मुक्त सॉफ्टवेअर. ते आपण भाड्याने घेतलेल्या होस्टिंगवर बसवायचे. होस्टिंगच्या पॅनेलमधून ते काही मिनिटांत बसते, म्हणून सोपे वाटते. बसवणे सोपेच आहे. त्यानंतर मूळ सॉफ्टवेअर, थीम आणि प्रत्येक प्लगइन वेळेवर अद्ययावत ठेवणे, लॉगिनला दुहेरी पडताळणी लावणे आणि बॅकअप घेणे, हे नेहमीचे काम होऊन बसते. महिन्यातून दोनदा अर्धा तास देण्याची तयारी नसेल तर हा मार्ग घेऊ नये. दुर्लक्षित प्लगइनमधून शिरलेला घुसखोर पानांत जुगाराच्या लपलेल्या लिंका पेरतो आणि लेखकाला त्याचा पत्ता लागतो तो शोधयंत्राने इशारा लावल्यावर.

स्वतंत्र वर्डप्रेसच्या बॅकअपचे दोन भाग असतात: फाइली आणि डेटाबेस. चित्रे आणि थीम फाइलींत असतात, लेख डेटाबेसमध्ये. अनेकजण फक्त फाइलींचे फोल्डर उतरवून घेतात आणि लेख सुरक्षित आहेत असे समजतात. मराठीसाठी आणखी एक काळजी घ्यावी. डेटाबेसची वर्णसंहिता, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, ‘यूटीएफ-८ एमबी-४’ असायला हवी. होस्टिंग बदलताना डेटाबेस जुन्या लॅटिन संहितेत उतरवला गेला तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उभ्या राहतात. प्रश्नचिन्हे डेटाबेसमध्ये एकदा साठली की मूळ अक्षरे त्यातून परत मिळत नाहीत. जुनी प्रत हाताशी असेल तरच सुटका. म्हणून स्थलांतरानंतर निदान एक महिना जुने होस्टिंग बंद करू नये.

ओढून-ठेवून पाने जुळवण्याच्या विक्ससारख्या सेवा दुकानाच्या किंवा कार्यक्रमाच्या चार पानांसाठी सोयीच्या आहेत. ब्लॉगसाठी मी त्या सुचवणार नाही. तिथे बांधलेले संकेतस्थळ उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, आणि विक्सच्या नेहमीच्या संपादकात एकदा निवडलेला साचा त्याच संकेतस्थळावर बदलताही येत नाही. थीम कधीही बदलता येते, हे वरचे विधान अशा ठिकाणी लागू पडत नाही. मीडियम, सबस्टॅक यांसारख्या मंचांवर थीमचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. वाचक मिळवायला ते चांगले, पण लेखाची मूळ प्रत आपल्या डोमेनवर असावी.

कोणताही मंच घ्या, दोन-तीन चाचणी-लेख टाकून लगेच निर्यात करून पाहावी, म्हणजे सगळे लेख एका फाइलीत उतरवावेत, आणि ती फाइल दुसऱ्या एखाद्या फुकट खात्यात आयात करून पाहावी. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. वर्डप्रेसच्या निर्यात-फाइलीत मजकूर, तारखा आणि प्रतिक्रिया असतात. चित्रे नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. आयात करताना नवे संकेतस्थळ ती चित्रे जुन्या ठिकाणाहून ओढून घेते. जुने खाते आधीच बंद केले असेल तर लेख येतात आणि चित्रांच्या जागी मोकळ्या चौकटी येतात. म्हणून चित्रांचे मूळ फोल्डर संगणकावर वेगळे जपावे.

आता लिंकेविषयी. या मुद्द्याकडे मराठी ब्लॉगांत सर्वाधिक दुर्लक्ष होते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त असे सगळे सुटे धरून, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह धरून तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ खुणा. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यासाठी २०० खुणांची मर्यादा पाळते, त्यामुळे फार तर बावीस चिन्हे मावतात. ‘पावसाळ्यातील घराची देखभाल’ एवढे साधे शीर्षकसुद्धा ‘देखभा’वर तुटते. शिवाय निरोपात चिकटवल्यावर बऱ्याच ठिकाणी टक्केचिन्हांची लांब माळ दिसते आणि वाचक ती संशयास्पद समजून उघडत नाही. ब्लॉगरमध्ये वेगळीच अडचण येते. शीर्षक पूर्ण देवनागरीत असले की पत्ता बनवायला त्याला अक्षरेच मिळत नाहीत. तो ‘ब्लॉग-पोस्ट’ असे नाव देतो आणि पुढच्या लेखांना त्यामागे आकडे जोडत जातो.

दोन्हींवर उपाय एकच. प्रकाशित करण्याआधी लेखाच्या पत्त्याच्या चौकटीत तीन-चार रोमन शब्द हाताने लिहावेत, मध्ये आडवी रेघ द्यावी. ब्लॉगरमध्ये त्यासाठी पर्मालिंकमधला, म्हणजे लेखाच्या पत्त्याच्या सेटिंगमधला, ‘कस्टम’ पर्याय निवडावा लागतो. तो प्रकाशनानंतर बंद होतो. लेख पुन्हा मसुद्यात नेला तरच पत्ता बदलतो. वर्डप्रेसमध्ये नंतर बदलला तर ते जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्याकडे वळवते, पण त्यावर विसंबू नये. वर्डप्रेस बसवल्यावर पर्मालिंकच्या सेटिंगमध्ये ‘लेखाचे नाव’ हा पर्याय पहिल्या लेखाआधीच निवडावा. ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर येणाऱ्याने मात्र तसे करू नये: वर्ष, महिना, नाव आणि शेवटी एचटीएमएल अशी जुनीच रचना तिथे हाताने भरावी आणि आयातीत लेखांची जुनी नावे तशीच आली आहेत का ते पाहावे, म्हणजे आधीच्या सगळ्या लिंका जिवंत राहतात. संकेतस्थळाची भाषाही सेटिंगमध्ये ‘मराठी’ करावी. त्याने तारखा आणि बटणे मराठीत येतातच, शिवाय ब्राउझरला आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांना भाषा कळते, आणि फॉन्टमध्ये ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे असतील तर ती उमटतात.

एवढे झाल्यावर थीम. विक्रीच्या पानावरचा नमुना इंग्रजी मजकुरावर आणि व्यावसायिक छायाचित्रांवर उभा असतो; त्यावरून मराठी ब्लॉगबद्दल काहीच कळत नाही. त्या देखण्या इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर वाचकाच्या यंत्रावरचा फॉन्ट वापरतो: विंडोजवर बहुधा निर्मला, अँड्रॉइडवर नोटो. म्हणजे ज्या अक्षरांवर भाळून थीम घेतली ती वाचकाला दिसतच नाहीत. म्हणून आधी एक चाचणी-लेख तयार ठेवावा. शीर्षक बारा-चौदा शब्दांचे; मजकुरात ‘उद्ध्वस्त’, ‘कर्तृत्व’, ‘हृदयस्पर्शी’, ‘तऱ्हेतऱ्हेचे’, ‘वाऱ्यावर’, ‘ट्रॅक्टर’ असे शब्द; एक उपशीर्षक, एक अवतरण, एक तक्ता, एक उभे आणि एक आडवे छायाचित्र. दुसरा लेख छायाचित्राविना. प्रत्येक थीम याच दोन लेखांवर, ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनच्या पडद्यावर पारखावी.

काय पाहायचे? शीर्षक दोन ओळींवर गेले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो का. इंग्रजी थीममध्ये शीर्षकाची ओळ-उंची बहुधा १.१ किंवा १.२ असते, देवनागरीला १.४ तरी लागते, मजकुराला १.७ च्या आसपास. मेन्यूतली अक्षरे सुटी-सुटी दिसत असतील तर थीमने अक्षरांमधले अंतर वाढवलेले आहे. इंग्रजी मोठ्या लिपीत ते शोभते, देवनागरीत शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांत मोडते. ते अंतर शून्य करावे. अवतरणे तिरकी दिसत असतील तर नीट पाहावे: बहुतेक देवनागरी फॉन्टना तिरके वळण नसते, ब्राउझर सरळ अक्षर नुसते कलते करतो, आणि परिच्छेदभर ते डोळ्यांना त्रास देते. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याची सोय बंद ठेवावी, जोडाक्षर तुटण्याचा धोका असतो. दोन्ही कडा सरळ करणारी मांडणीही फोनवर नको. मराठी शब्द लांब असतात, ओळींत मोठमोठ्या फटी पडतात. ‘तऱ्हा’मधला अर्धा र नीट जोडला जात नसेल तर थीमला दोष देऊ नये, फॉन्ट बदलावा.

फॉन्टसाठी मुक्ता, हिंद, नोटो सान्स देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी यांपैकी कोणताही एक घ्यावा. चारही मुक्त परवान्याचे आहेत आणि गूगल फॉन्ट्सवर मिळतात. साधा आणि ठळक अशा दोनच जाडी घ्याव्यात, जिथे ठळक उपलब्ध असेल तिथे. देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे इंग्रजीपेक्षा मोठी असते. सहा जाड्या एकदम उतरवल्या की पान रेंगाळते. वर्डप्रेसच्या ६.५ आवृत्तीपासून ब्लॉक थीममध्ये, म्हणजे सगळी पाने ब्लॉकांनी रचणाऱ्या नव्या धाटणीच्या थीममध्ये, फॉन्ट व्यवस्थापन-पडद्यावरूनच बसवता येतो, कोडला हात लावावा लागत नाही.

मासिकासारख्या थीम टाळाव्यात, असा माझा आग्रह आहे. त्यांचे मुखपृष्ठ पंधरा-वीस लेख आणि प्रत्येकाला एक चांगले छायाचित्र गृहीत धरते. नव्या ब्लॉगवर चार लेख असतात, त्यातले दोन छायाचित्राविना. मग करड्या चौकटी आणि रिकामे स्तंभ दिसतात. एक स्तंभ, वर नाव, मेन्यूत चार-पाच नोंदी, खाली लेखांची यादी, एवढी मांडणी सुरुवातीला भरपूर आहे. वर्डप्रेससोबत येणारी ‘ट्वेंटी’ मालिकेतली ताजी थीम यासाठी उत्तम. बाहेरची घ्यायची झाल्यास अधिकृत संग्रहातून घ्यावी आणि शेवटचे अद्यतन केव्हाचे ते पाहावे. वर्षभर हात न लागलेली थीम सोडून द्यावी. विकत मिळणाऱ्या थीमची ‘फुकट’ चोरटी प्रत कधीही बसवू नये, त्यात लपवलेला कोड असण्याची शक्यता फार मोठी असते. ब्लॉगरच्या बाहेरील साच्यांतही तळाशी निर्मात्याची लिंक असते आणि ती काढली की वाचकाला दुसरीकडे पाठवणारी स्क्रिप्ट काहींत दडलेली असते.

थीम बदलता येते, पण बदलताना काय हरवते हेही माहीत असावे. वर्डप्रेसच्या जुन्या धाटणीच्या थीममध्ये ‘जादा सीएसएस’ (रूप बदलण्यासाठी आपण लिहिलेल्या सूचना) त्या थीमपुरतेच साठते, त्यामुळे ओळ-उंचीचे आपले बदल नव्या थीममध्ये दिसेनासे होतात. ते एका मजकूर-फाइलीत जपून ठेवावेत. मेन्यू पुन्हा त्याच्या जागी लावावा लागतो. थीमच्या मूळ फाइलींत केलेले बदल पुढच्या अद्यतनात पुसले जातात, ते वेगळे जपण्यासाठी मूळ थीमवर बसणारी चाइल्ड थीम असते. थीमने स्वतःचे शॉर्टकोड दिले असतील तर ते लेखांत वापरू नयेत. थीम गेली की प्रत्येक लेखात चौकटी कंसांतले सांकेतिक शब्द उघडे पडतात. ब्लॉगरमध्ये साचा बदलण्याआधी त्याचा बॅकअप उतरवावा. जुन्या साच्यांना फोनसाठी वेगळी मांडणी असते, त्यामुळे संगणकावर केलेली दुरुस्ती फोनवर दिसत नाही, हेही तपासावे.

वेगाची मोजणी गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर करता येते. त्यातला फोनचा आकडा पाहावा, संगणकाचा नव्हे. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बटणाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि मांडणी हलण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत राहावा. पहिला आकडा बिघडण्याचे कारण बहुधा थीम नसून छायाचित्र असते: फोनमधले चार हजार पिक्सेल रुंदीचे छायाचित्र जसेच्या तसे चढवले जाते. रुंदी १,२०० ते १,६०० पिक्सेल आणि आकार २०० केबीच्या आत आणला की काम भागते.

आपल्या पुरवणीत यापुढे थीमची ओळख छापली जाईल, तेव्हा एक विनंती आहे. निर्मात्याने दिलेले इंग्रजी नमुनाचित्र न छापता त्या थीममध्ये मराठी लेख भरून, फोनच्या पडद्यावर तो कसा दिसतो त्याचे चित्र छापावे, आणि शेजारी कोणता फॉन्ट व किती ओळ-उंची वापरली ते द्यावे. तेवढ्या माहितीवर नवखा लेखक एका संध्याकाळी आपली थीम ठरवू शकेल.

आपला नम्र,
एक वाचक